मिटल्या डोळ्यांची इस्पिक राणी

ओंदीना बेर्नोबिच कारखान्यात पहिल्या दिवशी कामाला गेली, तेव्हा तिचा चेहरा तिच्या आधीच तिथे पोचला होता.

हे मला तिनंच सांगितलं, डोक्याला रोलर लावून कॉफी पीत असताना. त्रिएस्तेत, सान जाकोमोच्या चढावर माझं बायकांचे केस करायचं दुकान आहे, आणि ओंदीना त्याच इमारतीत वर राहायची. सगळे तिला सियोरा ओंदीना म्हणायचे, ओंदीनाबाई म्हणतात तसं. मीही म्हणायचे. ती मला 'पोरी' म्हणायची, मला दोन मुलं झाली तरी.

युद्धानंतर पोला शहर दुसऱ्या देशाकडे गेलं आणि रिकामं झालं, तेव्हा तिच्या घरचे बोटीनं इकडे आले. स्टेशनाजवळच्या जुन्या धान्यकोठारात निर्वासितांना ठेवलं होतं. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून एक घोंगडी. अशा जागेत वाढलेली वीस वर्षांची मुलगी, तिला कावाना भागातल्या मागच्या गल्लीतल्या पत्त्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. काम सोपं होतं. कापून आलेले पत्ते क्रमानं लावायचे, डाग असलेला बाजूला काढायचा, बावन्न झाले की पुढे सरकवायचे.

पहिल्या सकाळी ती जिना चढून वर गेली. दोऱ्यांवर छापील कागद वाळत घातले होते, धुणं घालतात तसे. बायका काम करता करता गप्पा मारत होत्या. एकीनं मान वर केली आणि गप्प झाली. मग दुसरी, मग सगळा हॉल. ओंदीनाला वाटलं, आपल्या अंगावर काही पडलंय. तिनं झगा झटकला. मग तिची नजर समोरच्या कागदावर गेली. त्यावर इस्पिकची राणी होती, आणि ती राणी म्हणजे ती स्वतः होती. तेच रुंद कपाळ, तीच जरा डावीकडे झुकलेली जिवणी, हनुवटीवर खळगा तोच.

पीना नावाची मुकादमीण पुढे आली. तिनं ओंदीनाचा हात हातात धरला, दाबून पाहिला, आणि मागे वळून बायकांना म्हणाली, "गरम आहे."

तेव्हा कुठे लोक हसले.

त्या कॅटमधली बारा चित्रं कारखान्यातल्याच माणसांवरून काढलेली होती. बदामाचा राजा म्हणजे यंत्रावरचा म्हातारा, किलवरची राणी ही पीना, चौकटचा गुलाम दुइलियो नावाचा पोरगा. एक इस्पिकची राणी तेवढी कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. चित्रकार एगोन श्ट्राद्नर विचारलं की नुसता खांदे उडवायचा. सगळे धरून चालले होते की ती त्यानं मनानं काढली.

दुपारी एगोन खाली आला. काखेत कागदाची गुंडाळी, बोटांना शाई. ओंदीना दारातच बसली होती. त्यानं तिला पाहिलं आणि गुंडाळी खाली पडली. तो तिच्या अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तू खाली कशी आलीस?"

तिला वाटलं, वरच्या मजल्याचं काही म्हणतोय. ती म्हणाली, "मला इथेच बसायला सांगितलंय."

तो गेला. टोपी तिथेच खुंटीला राहिली. परत कामावर आलाच नाही. पुढे मोनफाल्कोनेच्या गोदीत जहाजांवर नावं रंगवायचा असं ऐकलं, आणि काही वर्षांनी वारला.

आता याचा लोकांनी काय अर्थ लावायचा तो लावला. चित्रकार पळाला आणि पत्त्यावर पोरीचा चेहरा! ओंदीना शपथेवर सांगायची की मी त्या माणसाला आधी कधी बघितलंही नव्हतं. कुणी ऐकून घेतलं नाही. मुज्जा गावच्या एका मुलाशी तिचं ठरत आलं होतं. त्याच्या आईनं निरोप पाठवला, "जी बाई खानावळीत बावन्न जणांच्या हातून फिरते ती आमच्या घरात नको." पुढे ओपिचिनाच्या ट्रामवर चालक असलेल्या लिव्हियोनं तिच्याशी लग्न केलं. चांगला माणूस. तो गेला तेव्हा ती पन्नाशीलाही आली नव्हती. मूलबाळ नाही.

पण त्या राणीत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं. पत्त्यावरची चित्रं दुतोंडी असतात, वर एक अर्ध, खाली तेच उलटं. या राणीचं वरचं तोंड डोळे उघडून बघत होतं. खालचं तोंड तेच, पण डोळे मिटलेले.

छापताना चूक झाली असं मालकाला वाटलं. खेळणाऱ्यांना मात्र ती चूक वाटली नाही. ज्याच्या हातात ती मिटल्या डोळ्यांची यायची तो पत्ते टाकून उठायचा. खानावळवाल्यांनी कॅटच्या कॅट शेगडीत घातले. खलाशांनी समुद्रात फेकले. मालकानं दुसऱ्या चित्रकाराकडून डोळे उघडून घेतले आणि पुन्हा छापलं, पण नाव खराब झालं ते झालं. थोड्याच वर्षांत कारखाना बंद पडला.

पहिल्या छपाईतला आहे असं सांगून एक सीलबंद कॅट मालकानं ओंदीनाला दिला होता. "घे, तुझाच आहे," म्हणून. तिनं तो कधी उघडला नाही. कपाटात, चादरींच्या मागे ठेवून दिला. मिटलेल्या डोळ्यांचा स्वतःचा चेहरा घरात असावा आणि आपण तो बघावा, असं कुणाला वाटेल?

एका शरद ऋतूत तिच्याकडे उदिनेहून एक गृहस्थ आले. डॉक्टर तार्चिझियो वेनियेर, दातांचे डॉक्टर, निवृत्त. राखाडी हातमोजे, मऊ आवाज. हातात प्रेझनित्सचा, म्हणजे अक्रोडाच्या केकचा डबा. ते जुने पत्ते जमवत आणि दुइलियोच्या भावाकडून त्यांना ओंदीनाचं नाव कळलं होतं. सीलबंद कॅट बघताना त्यांनी हातमोजे काढले आणि खिशातून दुसरे, पांढरे, घातले. तो हातात घेतला नाहीच. नुसतं वाकून पाहिलं.

मी त्यावेळी वर होते, जोतासाठी, म्हणजे इथल्या आंबट सूपसाठी, तिला शेंगदाण्याएवढ्या बारीक घेवड्याची पिशवी द्यायला गेले होते. मी विचारलं, "एवढं काय आहे हो यात? पत्ते तर आहेत."

"बरोबर, पत्तेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "लोकांना वाटतं, थोडे छापले की दुर्मीळ. तसं नसतं. राजवाड्यासाठी सोन्याचा वर्ख लावून छापलेले पत्ते टिकतात, कारण त्यांनी कुणी खेळत नाही. दुर्मीळ होतात ते खानावळीतले. हजारो असतात आणि एकही उरत नाही. हे बघा." वेष्टनाला एक गोल भोक होतं, त्यातून बदामाच्या एक्क्यावरचा कराचा शिक्का दिसत होता. "हा शिक्का त्या वर्षांचा आहे जेव्हा हे शहर कुठल्याच देशाचं नव्हतं. त्यात कदाचित मागे घेतलेली छपाई. त्यात लोकांनी घाबरून जाळलेली. आणि त्यात न उघडलेला."

"उघडला तर?"

"तर तो पत्त्यांचा कॅट होईल." ते हसले. "वेष्टन दोन्ही छपायांना एकच होतं. आत कुठली राणी आहे ते आज कुणालाही माहीत नाही. ते माहीत नसणं, त्यालाच तर किंमत आहे."

मग त्यांनी पाकिटातून फोटो काढून टेबलावर मांडले, डाव मांडावा तसे. प्रत्येक फोटोत एक थडगं आणि थडग्यावर टेकवलेला एक पत्ता. बदामाचा राजा. किलवरची राणी. ओंदीना एकदम म्हणाली, "अगंबाई, ही तर पीना! किती छान ठेवलंय हो तिचं."

"मी सगळ्यांची फुलं बदलतो," डॉक्टर म्हणाले. "माणसं खरी होती हे दाखवता आलं, की कॅटला वजन येतं. आता दोनच राहिलेत. तुम्ही आणि दुइलियो."

जाताना त्यांनी ओंदीनाला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं करून तिचा फोटो काढला.

ते दरवर्षी येऊ लागले. तोच डबा, तीच भिंत, तोच फोटो. झोप लागते का, रक्तदाब किती, जिना चढताना दम लागतो का, सगळं प्रेमानं विचारत. एकट्या बाईला कुणी एवढं विचारणारं भेटलं की बरं वाटतं. मी चिडवायचे, "हा तुम्हाला मागणी घालणार बघा."

"उदिनेचा माणूस!" ती म्हणायची. "मागणी घालायच्या आधी माझे दात मोजून घेईल."

एकदा त्यांनी कॅट विकत मागितला. ती चेष्टेत म्हणाली, "आता कशाला? मी मेल्यावर न्या."

"हो," डॉक्टर म्हणाले, जराही न हसता. "तसं चालेल."

मी ओंदीनाकडे पाहिलं. ती कॉफीत साखर ढवळत होती. ढवळतच राहिली.

त्या हिवाळ्यात दुइलियो गेला. पुढच्या भेटीत टेबलावर अकरा फोटो होते आणि बाराव्याची जागा रिकामी सोडलेली होती. मुद्दाम नव्हे. मांडायच्या सवयीनं.

त्यानंतर वर्षभरात माझ्या दुकानात फेरुच्चो झिदारिक आला. माझ्याकडे त्याची बहीण केस रंगवून घ्यायची, तिला न्यायला. जन्मभर जहाजांवर जादूचे खेळ केलेला माणूस, बोटं अजून तरुण. बायका म्हणाल्या, काहीतरी करून दाखवा. त्यानं सिगारेटच्या डबीतून एकच पत्ता काढला. कडा घासून गोल झालेल्या.

"हा पूर्ण कॅट माझ्याकडे होता," तो म्हणाला. "आयुष्यात असले पत्ते पुन्हा हाताला लागले नाहीत. दोन कागद काळ्या खळीनं चिकटवलेले, उजेडाशी धरले तरी पलीकडलं दिसायचं नाही. कापताना पातं वरून आलंय की खालून, ते माझ्या अंगठ्याला कळायचं. पिसले की आवाज नाही, नुसती झुळूक. जमवणाऱ्यांना पत्ता कोरा लागतो. मला तो हात लागलेला हवा असतो. एकेक हरवत गेला. ही उरली."

त्यानं राणी धरली. डोळे उघडे. तिच्यावरून तळहात फिरवला. डोळे मिटलेले. पुन्हा फिरवला, उघडे. काय करतो ते मला कळत होतं, फिरवताना पत्ता उलटा करत होता, बस. तरी झोपेतून कुणी उठून आपल्याकडे बघावं तसं वाटत होतं.

ओंदीना तेव्हा कोपऱ्यात ड्रायरखाली होती. तिनं मान बाहेर काढली, "एवढा कसला गोंधळ गं?" म्हणाली. फेरुच्चोनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातून पत्ता पडला. त्याच्या बहिणीनं नंतर सांगितलं, पन्नास वर्षांत त्याच्या हातून पत्ता पडलेला तिनं पाहिला नव्हता.

"माफ करा," तो म्हणाला, "तुम्ही... तुम्ही वरून कधी आलात?"

"मी इथेच वर राहते, तिसऱ्या मजल्यावर."

"नाही, वरच्या सांता क्रोचे गावाहून. एगोन माझा दोस्त होता. दारू चढली की एकच बोलायचा, 'ती वर आहे, सांता क्रोचेला, समुद्राकडे तोंड करून.' मी म्हणायचो, मग जा की भेटायला. तर म्हणायचा, 'आता तीच खाली आली, मी कुठे जाऊ?'"

 ओंदीनानं रोलर काढायला स्वतःच सुरुवात केली. "मी जन्मात सांता क्रोचेला राहिले नाही," ती म्हणाली. "पोरी, तुझी गाडी चालू आहे ना?"

मृतात्म्यांचा दिवस जवळच होता. त्या दिवशी कबरस्तानं भरलेली असतात, कुणी विचारत नाही तुम्ही कुणाकडे आलात. मी, ओंदीना आणि मागच्या सीटवर गुडघे दुमडून फेरुच्चो, असे आम्ही दुपारी वर गेलो. बोरा, आमच्याकडचा झोंबरा वारा, सुटला होता. शेवंतीच्या कुंड्या लोकांनी दगड लावून उभ्या केल्या होत्या. सांता क्रोचेचं कबरस्तान उतारावर आहे, खाली सगळा समुद्र. नावं बहुतेक स्लोव्हेन. आम्ही जिवंत बाई शोधायला आलो होतो की काय शोधायला, हे तिघांपैकी कुणी बोललं नाही.

ते फेरुच्चोला आधी दिसलं. त्यानं टोपी काढली.

पांढऱ्या दगडावर नाव होतं, झोर्का तेन्चे. एगोननं राणी काढली त्याच्या आदल्या वर्षाची तारीख. आणि चिनीमातीच्या अंडाकृती फोटोत ओंदीना होती. वीस वर्षांची, केस मागे बांधलेली, जिवणी जरा डावीकडे.

 ओंदीनानं हात पुढे करून फोटोवर बोट ठेवलं. मला पीनाची आठवण झाली. गार होता, हे तिच्या तोंडावरून कळलं.

"आलीस?"

मागे एक म्हातारी उभी होती, हातात पाण्याचं भांडं, डोक्याला काळा रुमाल. ती ओंदीनाकडे बघत होती आणि घाबरलेली अजिबात नव्हती. "एवढी म्हातारी झालीस," ती म्हणाली. मग तिनं डोळे चोळले, भानावर आली, आणि भांडं खाली ठेवून थडग्याच्या कडेवर बसली.

ती झोर्काची धाकटी बहीण, ल्युदमिला. ती आम्हाला घरी घेऊन गेली, दगडी घर, शेगडीपाशी बाक. तिनं वाईन ओतली. तिनं सांगितलं, झोर्का छातीच्या दुखण्यानं गेली. शहरातला एक चित्रकार तिच्यावर जीव टाकायचा. दोघांचं ठरलेलं होतं. ती गेली त्या दिवशी तो आला, शवपेटीशेजारी खुर्ची ओढून बसला आणि चित्र काढत राहिला. वडील त्याला बाहेर काढणार होते. आई म्हणाली, राहू दे, दुसरं काय करेल तो?

"मग त्यानं तिचं नाव का नाही सांगितलं कुणाला?" मी विचारलं.

"काय सांगणार? मेलेल्या मुलीला पत्त्यांवर छापली म्हणून? वडिलांनी जीव घेतला असता."

मग आम्ही नात्याचा धागा शोधायला बसलो. ओंदीनाचे आईवडील, आजे, पोलातलं घर. ल्युदमिलाचे पणजे, मामे, कोण कुठे कामाला गेलं, कुणाला कुठे दिली. कुठेही गाठ पडली नाही. ल्युदमिला एकदम म्हणाली, "तुझा हात बघू," आणि मनगट उलटं केलं. तिथे काहीच नव्हतं. "झोर्काला इथे भाजल्याचा डाग होता," ती म्हणाली, आणि कुणास ठाऊक का, ती निराश झाली.

परतताना गाडीत ओंदीना एकदाच बोलली. "तू खाली कशी आलीस, म्हणाला होता तो. मी सांगितलं, मला इथेच बसायला सांगितलंय." आणि तोंडावर रुमाल धरला. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

डॉक्टर त्याच आठवड्यात आले. ओंदीनानं त्यांना सगळं सांगितलं. तिला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं येतोय, यालाही धक्का बसेल. डॉक्टरांनी नाव विचारून घेतलं, कबरस्तान कुठलं ते विचारलं. त्यांचे गाल लाल झाले होते, लहान मुलासारखे.

"म्हणजे बाराही," ते म्हणाले. "राणी तर पहिल्यापासूनच थडग्यात होती."

त्यांनी कॉफी संपवली, तिचे आभार मानले, कोट घातला. दारापर्यंत गेल्यावर ओंदीनानं विचारलं, "डॉक्टर, यंदा फोटो नाही काढायचा?"

"नाही सियोरा," ते आपुलकीनं म्हणाले. "आता गरज नाही."

ती माझ्याकडे खाली आली ती भिंत धरत. दुकानात दोन बायका होत्या, त्यांना मी तशाच ओल्या डोक्यानं बसवून ठेवलं. ओंदीना म्हणाली, "पोरी, तो माझ्या मरणाची वाट बघत होता. इतकी वर्षं मी त्याला केक कापून देत होते." ती ड्रायरखालच्या खुर्चीत बसली. "आणि आता तो माझी वाटसुद्धा बघत नाहीये. त्याच्या लेखी मी कधी नव्हतेच."

पुढच्या रविवारी तिनं कॅट पर्समध्ये टाकला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. फेरुच्चोही आला. तो कपडे करून आला होता, टाय वगैरे, चर्चमध्ये जावं तसा. ल्युदमिलाच्या टेबलावर ओंदीनानं कॅट ठेवला.

"तुझ्याकडे तिचा थडग्यावरचा सोडून एकही फोटो नाही म्हणालीस," ती म्हणाली. "आत ती राणी असेल तर तुझी."

"उघडल्यावर त्याला काही किंमत राहणार नाही," मी म्हणाले. डॉक्टरांचे शब्द माझ्या तोंडून निघाले याचा मलाच राग आला.

ओंदीनानं नखानं वेष्टन फाडलं. वास आला, जवसाच्या तेलाचा आणि शाईचा. ओंदीना म्हणाली, "अरे देवा, हॉलचा वास." कारखान्यातली माणसं एकामागून एक टेबलावर आली, अजून ताजी, रंग ओला असल्यासारखी. दुइलियो, पीना. मग इस्पिक. एक तोंड जागं, एक झोपलेलं.

ल्युदमिलानं पत्ता हातात घेऊन खिडकीशी नेला. बराच वेळ ती डोळे मिटलेल्या बाजूकडे बघत होती. मी तिच्या मागे उभी होते.

"असे नव्हते मिटले," ती म्हणाली.

"काय?"

"तिचे डोळे मिटतच नव्हते. आईनं मिटले, पुन्हा उघडले. बायकांनी नाणी ठेवली, काढली की पुन्हा अर्धे उघडे. झाकण बसलं तेव्हाही ती बघत होती. मी दहा वर्षांची होते, मी सगळ्यात शेवटी पाहिलं. त्यानंतर मला कित्येक वर्षं अंधारात झोप येत नव्हती." तिनं बोटानं पत्ता पुसला. "त्यानं मिटले. बघा, किती नीट मिटलेत."

बाकी एक्कावन्न पत्ते फेरुच्चोनं उचलले. त्यानं ओंदीनाकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं पिसले. खरंच आवाज नव्हता. पत्ते या हातातून त्या हातात वाऱ्यासारखे गेले. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत. "हेच," तो सारखं म्हणत होता, "हेच ते."

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते धावत आले. ओंदीनानं त्यांना आत घेतलं, बसवलं, पण कॉफी दिली नाही. फाडलेलं वेष्टन टेबलावर होतं. ते त्याच्याकडे बघत बसले. अखेर त्यांनी विचारलं, "आत कुठली होती?"

"ते मी नाही सांगणार," ओंदीना म्हणाली. "माहीत नसण्याला किंमत असते ना? घेऊन जा ती." वेष्टन त्यांना दिलं. आणि त्यांनी ते घेतलं. पांढरे हातमोजे घातले, चुरगळलेले कोपरे सरळ केले, पाकिटात ठेवलं. ते पुन्हा आले नाहीत. सांता क्रोचेला मात्र नव्या शेवंत्या दिसायच्या. ल्युदमिला त्या उचलून शेजारच्या थडग्यावर ठेवायची.

त्यानंतर ओंदीना दर रविवारी वर जायची. मी नसले तर बसनं. दोघी जोता शिजवायच्या, बागेत तण काढायच्या, भांडायच्या. काही वर्षांनी ल्युदमिलाची स्मृती जायला लागली. ती ओंदीनाला झोर्का म्हणू लागली. "झोर्का, शहरातून एवढ्या उशिरा? वडील रागावलेत." आणि ओंदीना म्हणायची, "बस चुकली गं." मला ते ऐकवत नसे. त्या घरात दोनच बायका होत्या आणि मला तीन असल्यासारख्या वाटायच्या. एकदा तर ओंदीनानं भांडी विसळता विसळता मनगट चोळलं, आतल्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे. तिचं लक्षही नव्हतं.

"तिला सांगत का नाही?" मी गाडीत म्हणाले. "एकदा तरी दुरुस्त करा."

"चाळीस वर्षं सगळं शहर मला पत्त्यावरची बाई म्हणत होतं, तेव्हा कुणी दुरुस्त केलं?" ती म्हणाली. "ही निदान जेवायला वाढते."

ल्युदमिला एका मार्च महिन्यात गेली, शांतपणे. शवपेटीत तिच्या हाताखाली ओंदीनानं पत्ता ठेवला. तिला झोर्काच्याच थडग्यात ठेवायचं होतं, म्हणून दगड सरकवला होता, आणि गावातली लहान मुलं ओंदीनाकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघत आयांच्या मागे लपत होती.

दुसऱ्या दिवशी, तिचा नेहमीचा वार नसताना, ओंदीना दुकानात आली. तिचे केस अजून दाट होते आणि ती ते आयुष्यभर मागे बांधायची.

"काप," ती म्हणाली.

"किती?"

"सगळे. त्या पोरी कापतात ना, मुलांसारखे, तसे."

"सियोरा ओंदीना, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहात."

"म्हणूनच. आता तरी कर की."

मी कापले. मान उघडी पडली, कान उघडे पडले. कपाळ वेगळंच दिसायला लागलं, हनुवटीसुद्धा. मी पंचवीस वर्षं तो चेहरा हाताळत होते आणि ही बाई मला ओळखीची वाटेना. तिनं खांद्यावरचे केस झटकले, पैसे ठेवले, आणि बाहेर बोरा असूनही रुमाल न बांधता चढ उतरून बाजाराकडे गेली. कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला रोज हाक मारायचा. त्या दिवशी त्यानं तिला "काय देऊ, बाई?" असं विचारलं, अनोळखी माणसाला विचारतात तसं. तिनं अर्धा किलो कांदे मागितले.